आबांनी राखलेलं पील

आमच्या ओट्यावर कुंडीत एक झाड आहे. अननसासारखी पानं, मधोमध पानांचाच पेला, त्यात पाणी घालायचं आणि वाट बघायची. चार वर्षांनी यंदा त्यातून लालभडक तुरा वर आला. नाव तर नर्सरीवाल्यालाही धड सांगता आलं नव्हतं. तुरा येऊन गेला की हे झाड वर्षभरात वाळत जातं, पण जाण्याआधी बुडाशी पिलं, म्हणजे नवे फुटवे, देतं. ती आईच्या निम्म्याएवढी झाली की मुळासकट सोडवायची, जखम अर्धा दिवस सुकू द्यायची आणि भुसभुशीत मातीत वेगवेगळी लावायची. मोबाइलवर मी सगळं नीट पाहून ठेवलं होतं.

तीन पिलं आली. घरच्या ग्रुपवर फोटो टाकला, तर सुरतेच्या भावाला आणि नाशिकच्या बहिणीला लगेच एकेक हवं झालं. वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, सुजलेल्या गुडघ्यांचा फोटो टाकला होता तेव्हा नुसता अंगठा आला होता. मी लिहिलं, कुरिअरने जगायचं नाही, मे महिन्यात घ्यायला या. दोघंही हो म्हणाले. आले की पील हातात देऊन मी सांगणार होते, आता आबांनाही दोन महिने न्या.

आई गेल्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून घरात आबा आणि मी. पहाटे त्यांच्या गुडघ्यांना तेल, अंघोळीचं पाणी, भाकरी, मग शहाद्याहून धडगावची जीप, घाट, शाळेत शिकवणं, पुन्हा घाट. मी थकले आहे. हे कुणाला म्हणत नाही, कारण म्हटलं की लोक माझं कौतुक करतात आणि आपापल्या घरी जातात.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी परत आले, तर कुंडीपाशी खुरपं पडलेलं. दोन पिलं कापून उन्हात फेकलेली. नुसती कापलेली नाहीत, मधला पोंगा, नवं पान फुटतं तो कोवळा गाभा, खुरप्याच्या टोकाने फोडलेला.

आबांनी उभी हयात तापीकाठी केळी केली. केळीत पिलं आईचं खातात, म्हणून दिसली की कापायची आणि पुन्हा फुटू नयेत म्हणून पोंगा फोडायचा. घड निसवला, बाहेर पडला, की मात्र एक राखायचं, पुढच्या पिकासाठी. आबांना कुंडीतही केळीच दिसली असणार.

“आबा, हाई काय करी टाकं?”

“मायले खाई ऱ्हायंतात. एक राखेल शे ना.”

माझा तोल गेला. “भाऊनासाठे राखेल व्हतात त्या! आते तो काब्रं येई? तुमले कोन ली जाई?”

त्यांना धाडायचा बेत बोलून गेले आणि जीभ चावली. आबा खुरप्याची माती अंगठ्याने पुसत बसले होते. बराच वेळ पुसत होते.

“माले धाडनं व्हतं तं सांगनं व्हतं ना, पोरी. झाडले काब्रं तरास?”

मी आत जाऊन कणीक मळली.

सकाळी बाहेर आले तर ओट्यावर कापडी पिशवी भरून ठेवलेली. दोन धोतरं, टोपी, गुडघ्याच्या तेलाची बाटली. शेजारी आबा, टोपी घालून.

“कव्हय निंघनं शे?”

“आज शाळा शे,” म्हटलं आणि चपला घालून निघाले.

संध्याकाळी पिशवी मीच रिकामी केली. धोतरं खुंटीला लावली, बाटली कोनाड्यात ठेवली. मग उरलेल्या पिलाच्या पेल्यात पाणी घातलं. ते अजून लहान आहे, सोडवायला वेळ आहे. ग्रुपवर लिहिलं की पिलं गेली. दोघांनी रडके चेहरे पाठवले. मे महिन्याचं कुणीच काही बोललं नाही.

आबांचं मन मोडलं याचं मला वाईट वाटलंच. पण खोटं कशाला लिहू? त्या सकाळी ती भरलेली पिशवी मागे ठेवून जीपमध्ये बसले, तेव्हा घाट संपेपर्यंत, आबा खरंच निघाले असल्यासारखं, मला हलकं वाटत होतं.