निकालाचं पान

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या वर्तमानपत्रांचा एक बांधीव खंड आहे. नवऱ्याला विष घातल्याचा आरोप असलेल्या एका बाईचा खटला त्यात महिनाभर छापलेला आहे. साक्षींच्या पानांचे कोपरे थुंकी लावून उलटल्यानं काळे पडलेत. ती निर्दोष सुटल्याचं पान मात्र अगदी स्वच्छ आहे. आरोप वाचायला माणसांना गोडी वाटते. सुटकेपाशी तीच गोडी आटते.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो याच वाचनालयामुळे, म्हणून हे लिहिताना तोंड कडू होतं.

काल रोजचे वाचक नाना आणि मास्तर वाचनालयाच्या मोठ्या टेबलावर, माझ्यासमोर, तोच खंड उघडून बसले होते.

"हिनंच घातलं असणार," नाना म्हणाले.

"मग! आपल्या सुनंदाबाईंसारखंच."

सुनंदाबाई कन्याशाळेत शिकवायच्या. त्यांच्यावरही हाच आरोप होता. परवा कोर्टानं त्यांना निर्दोष सोडलं. हे बोलणं चालू असतानाच त्या दारात आल्या.

"नाना, आजचा पेपर देता?"

"यात तुमचं काही नाही हो, बाई."

वर्षभर त्यांचा फोटो पहिल्या पानावर यायचा. बाईंनी पेपर उचलून सातवं पान काढलं. तळाशी त्यांच्या सुटकेच्या चार ओळी होत्या. शाळा त्यांना परत घेणार की नाही, ते गावानं त्या चार ओळी वाचण्यावर अवलंबून होतं.

"मोठ्यानं वाचू का?" त्यांनी विचारलं.

नाना चष्मा पुसायला लागले. मास्तर खंडात वाकले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाचायची सवय याच टेबलानं लावली, आणि मी "वाचा" एवढंही म्हणालो नाही.