दर जानेवारीला एक कमी

स्वतःचा मान कमी करून घ्यायला आपल्या पायांनी दुकानाच्या पायऱ्या चढून येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझं गिऱ्हाईक निघाला. साताऱ्यात माझं शिलाईचं दुकान आहे. ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश हा बारमाही धंदा. पण आमच्याकडे घरटी एक माणूस पलटणीत, त्यामुळे जानेवारीचा तिसरा आठवडा उजाडला की निवृत्त फौजी पदकं घेऊन रांग लावतात. पदकांच्या रंगीत फिती बकरमच्या कडक कापडावर ओळीनं शिवायच्या, मागे पिन लावायची, की सव्वीस तारखेच्या झेंडावंदनाला छाती तयार. या कामातून मला पदकांचं बरंच ज्ञान झालं. लढाईत गेलात तर पदक आहे. लढाई चालू असताना नुसते नोकरीत होतात तर वेगळं पदक आहे. थंड जागी राहिलात, पदक. नऊ वर्षं पळून गेला नाहीत, पदक. वीस वर्षं झाली तरी अजून पळाला नाहीत, आणखी एक. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी तुमचं नाव हजेरीपटावर होतं, तर त्याचंही एक. त्या दिवशी मीसुद्धा याच देशात होते, पण मला कोणी काही विचारलं नाही. आमच्यातले काही म्हातारे तर चालायला लागले की बेंदराच्या सणाला घुंगरं बांधलेल्या बैलासारखे वाजतात.

मागच्या आळीतले सुभेदार या रांगेत पहिल्यांदा उभे राहिले ते त्र्याण्णव साली. पदकांची जुनी पट्टी माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "ताई, आठ हायती. सात ठेवा."

"कुठलं खराब झालंय?"

"खराब न्हाई, फुकटचं हाय." त्यांनी पासष्ट सालच्या पदकावर बोट ठेवलं. "ती लढाई झाली तवा मी ट्रेनिंगात पाय आपटत हुतो. दुश्मनाला माझा पत्ताबी ठावा न्हवता."

मी ते उसवून बटणांच्या डब्यात टाकलं. म्हटलं, आठ दिवसांत डोकं थंड झालं की येतील न्यायला. पुढच्या जानेवारीत आले, ते दुसरं काढायला.

हे खूळ समजायचं तर माणूस समजला पाहिजे. सव्वीस वर्षं त्यांनी पलटणीच्या शिधागोदामात डाळ-तांदूळ जोखण्यात घालवली होती. मागणीची चिठ्ठी आल्याशिवाय चिमूटभर मीठही बाहेर जाऊ द्यायचं नाही, हा तिथला कायदा ते पेन्शनीबरोबर घरी घेऊन आले. बायकोनं साखरेचा डबा काढला की चहाला किती माणसं आहेत, हे आधी सांगायचं. लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं न विचारता दुसरी जिलबी टाकली, तर ती उचलून परत त्याच्या ताटात. एकदा शाळेनं त्यांना बक्षीस समारंभाला पाहुणे म्हणून बोलावलं. धावण्याच्या शर्यतीत पाच मुलं आणि बक्षिसंही पाच : पहिलं, दुसरं, तिसरं आणि दोन उत्तेजनार्थ. सुभेदारांनी पहिलं दिलं, उरलेली चार कोटाच्या खिशात घातली आणि माइकवरून विचारलं, "पाचांस्नी पाच द्यायची हुती, तर पळवली कशाला? बसवूनच वाटायची की!" ती चार बक्षिसं खिशातून सोडवताना हेडमास्तरांना घाम फुटला.

तोच न्याय त्यांनी स्वतःच्या छातीला लावला. दर जानेवारीला एक. उंच डोंगराचं पदक गेलं, कारण "उंचावर गेलो खरं, पर शेगडीपाशी बसून हुतो." वीस वर्षांच्या नोकरीचं गेलं, कारण "नऊचं दिलंय न्हवं? मग एकाच नोकरीचं दोनदा कशापायी?" अठ्ठ्याण्णवपर्यंत सहा माझ्या डब्यात आणि दोन त्यांच्या कोटावर. नेमक्या त्याच वर्षी स्वातंत्र्याच्या पन्नास वर्षांचं नवं पदक निघालं आणि नोकरीतली सगळी पोरं ते मिरवत रजेवर आली. गावाच्या छात्यांवर एक वाढलं आणि सुभेदारांचं एक कमी झालं. गावानं याचा अर्थ लावला नसता तर ते गाव कसलं.

फेब्रुवारीत सुभेदारीणबाई दुकानात आल्या. पदर कमरेला खोचलेला. "आवं ताई, तुमच्या कात्रीनं माझ्या लेकीचं लगीन उसवाया लागलंय."

"मी काय केलं?"

"लोक म्हणत्यात, गोदामातल्या साखरंची भानगड निघाली आन् सरकार वर्साला एक असं हप्त्यानं पदकं परत घेतंय. इट्याच्या पावण्यांच्या कानावर गेलंय. रईवारी पोर बघाया न्हवं, चौकशीला येत्यात. स्थळ गेलं तर दुसरं कोण येतंय आमच्या दारात?"

यावर बोलत बसण्यासारखं काही नव्हतं. मी त्याच बैठकीत सहाही पदकं नव्या पट्टीवर शिवली आणि रविवारी घेऊन गेले. सुभेदारांनी एकदा पट्टीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "ह्ये मी लावणार न्हाई," म्हणाले आणि दोनच पदकांचा कोट घालून खुर्चीत ताठ बसले. मग बाईंनी पट्टी सरळ पोह्यांच्या ताटात ठेवून पाहुण्यांसमोर नेली.

नवऱ्या मुलाचे वडील विट्याचे. तिकडच्या बऱ्याच जणांसारखं यांचंही दूर बिहारकडे सोनं गाळून शुद्ध करायचं दुकान. अॅसिडनं बोटं काळी पडलेली. त्यांनी पोहे बाजूला सारले आणि पट्टी उचलून एका पदकावर नख ओढलं.

"धातू कंचा?"

"तांबं आन् निकेल," सुभेदार म्हणाले.

"सरकारनं परत घेतली म्हणत्यात, ती हीच व्हय?"

दाराआड बांगड्या वाजायच्या थांबल्या. मी म्हटलं, "सरकारनं नाही. माझ्या बटणांच्या डब्यात होती."

मग सुभेदारांनी एकेक पदक घेऊन ते का काढलं, ते गोदामातला माल दाखवावा तसं सांगितलं. शेवटी पाहुण्यांनी कोटावरच्या ताऱ्याच्या आकाराच्या पदकाकडे बोट केलं. "आन् ह्यो?"

सुभेदारांनी ताऱ्यावर तळहात ठेवला. "एकाहत्तरला मी डाळ जोखून ट्रकात चढवली. डायवर ट्रक घिऊन फुडं गेला, त्यो माघारी आला न्हाई. त्येच्या बायकुला ह्योच तारा गेला, आन् मलाबी ह्योच. एकाच साच्यातला. दोघांतलं एक तरी चुकीचं आसंलच की, पावणं."

"मग काढला कसा न्हाई?"

"हात हुईत न्हाई."

पाहुण्यांनी पट्टी ताटात ठेवली. "म्हंजे तुमी गाळताय म्हणा की! आमी तरी काय येगळं करतो? भट्टीत घातलं की वजन घटतंय, आन् गिऱ्हाईक म्हणतंय चोरलं." मग त्यांनी पोह्यांची बशी पुढे ओढली. "पोरीला बलवा भाईर."

मे महिन्यात लग्न झालं. सुभेदारांनी तिथेही जिलब्या परत केल्या. पाहुणे गेल्यावर पट्टी माझ्याकडेच परत आली होती. लग्नानंतर मी ती सहा पदकं द्यायला गेले तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. फिती चांगल्या हायत्या, वाया घालवू नगा."

नव्व्याण्णवच्या जानेवारीत ते तारा काढायला आले. मी कात्री घेतली तर म्हणाले, "कात्री नगं. टाका टाका उसवा." मी सुईनं एकेक टाका काढला. त्याला वेळ लागला, मागची रांग कुरकुरली, ते हलले नाहीत. नऊ वर्षांच्या नोकरीचं तेवढं कोटावर उरलं. "ह्ये असू द्या," म्हणाले. "नऊ वर्सं घर सोडून काढली, ह्यात लबाडी न्हाई."

त्यानंतरच्या जानेवारीत रांग तेवढीच लांब होती, पण सुभेदार आले नाहीत. तब्येत ठणठणीत होती. कमी करण्यासारखं काही उरलं नव्हतं, एवढंच. मी दोनदा दाराकडे पाहिलं आणि परत मशीनवर बसले.

मी व्यवहारी बाई आहे. एका फितीचा कात्री अडकवायला फास केला, एक मोजपट्टीला बांधली, बाकीच्याही अशाच कुठे कुठे लागल्या. ताऱ्याची फीत मात्र अजून कापलेली नाही. कोटाचं बटण शोधायला डब्यात हात घातला की ताऱ्याची टोकं बोटाला लागतात.