डोळे तेवढे ठेव

दिनांक १४ नोव्हेंबर १९९८, शनिवार. वाशीच्या एका स्टेशनरी दुकानात हारुन मुकरी याने माझ्याकडून साडेबत्तीस रुपये उसने घेतले आणि एक ब्रश विकत घेतला. ब्रश इतका बारीक होता की दुकानदाराने तो उजेडात धरून दाखवला. हारुनकडे घरी ब्रशांनी भरलेला डबा होता, पण या जातीचा एकही नव्हता. तो का नव्हता आणि त्या शनिवारीच का घेतला, हे सांगायचे तर जवळजवळ पाच वर्षे मागे जावे लागेल.

हारुन नेरूळला आमच्याच इमारतीत, माझ्या खालच्या घरात राहतो. महापेच्या एका कारखान्यात लोखंडी कपाटांवर फवाऱ्याने रंग मारणे ही त्याची नोकरी. मूळचा श्रीवर्धनकडचा. लहानपणी तो आणि धाकटा भाऊ तबरेज गावी होड्या रंगवायचे. मोठा रंग हारुनचा, बारीक काम तबरेजचे. नाव, वेल, फूल, जे काही हात न हलता काढायचे ते सगळे तबरेजचे. घरात तशी वाटणीच पडली होती आणि मोठेपणीही ती कुणी मोडली नाही. पुढे तबरेज मालवाहू जहाजावर खलाशी झाला. त्याची बायको शायमा हारुन आणि त्याची बायको सफियाभाभी यांच्याकडेच राहायची.

१९९४ च्या जानेवारीत, सुटीवर आलेल्या उरणच्या एका खलाशाबरोबर तबरेजने सिंगापूरहून एक खोके पाठवले. त्यात प्लास्टिकचे डायनासोर होते. सगळे एकाच पोपटी रंगाचे, पाठीवरून साच्याची रेघ गेलेली. हारुनच्या मुलींसाठी पाठवले होते, पण मुलींनी दोन दिवसांत टाकून दिले. फेब्रुवारीत तबरेजचा फोन आला. आमच्या जिन्यात तेव्हा फोन फक्त माझ्याकडे होता, म्हणून हारुन वर येऊन बोलला.

"कसला कलर दिलाय रे त्यांना? काकडीवानी दिसतात," हारुन म्हणाला. मग तो बराच वेळ हसत ऐकत राहिला. फोन ठेवल्यावर मला म्हणाला, "म्हणतो, तू रंगव. डोळे तेवढे ठेव, मी आल्यावर काढीन. बारीक ब्रशपन घेऊन गेलाय सोबत, जहाजावर काय रंगवतो कुणास ठाऊक."

त्यानंतर तबरेजचा फोन आला नाही. महिन्याभराने कंपनीचे पत्र आले की जहाजाशी संपर्क तुटला आहे. पुढच्या पत्रात शोध थांबवल्याचे होते. माणूस गेला असे कुठल्याच पत्रात नव्हते.

हारुनने त्याच पावसाळ्यात रंगवायला घेतले. आधी साबणाच्या पाण्यात धुवायचे, ब्लेडने साच्याची रेघ खरवडायची, मग अस्तराचा पातळ हात. तो वाळला की मूळ रंग. त्यावर पाण्यासारखा पातळ केलेला गडद रंग सोडायचा, म्हणजे तो कातडीच्या सुरकुत्यांत जाऊन बसतो. शेवटी जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवायचा. एकेकाला पंधरवडा लागे. रंग ठरवायला तो रविवारी खाडीकाठच्या दिवाळे गावातल्या मासळी बाजारात जाई आणि कोळणींच्या टोपल्यांसमोर उभा राही. एका मोठ्या जबड्याच्या जनावराला त्याने चिंबोरीच्या नांगीचा निळा-तांबडा रंग दिला, एकाच्या अंगावर चिखलातल्या निवटी मासळीचे ठिपके.

"खरे असे असतील का रे?" मी विचारले.

"त्यांना कुनी पायलंय, सयाजीभाऊ? मग आपल्या खाडीचा रंग लावला तर तक्रार कोन करनार?"

दाराला लागून असलेल्या बाजूच्या भिंतीला फळी होती. तिच्यावर ती ओळ वाढत गेली. खोके संपले तसा तो बाजारातून आणखी आणू लागला. अंगावरची एकेक सुरकुती जिवंत, आणि डोळ्यांच्या जागी नुसती खोबण. घरी येणाऱ्यांना वाटे की हे धर्माचे कारण असेल, सजीवाचे चित्र पुरे करायचे नाही म्हणून. हारुन कुणाचेही म्हणणे खोडून काढत नसे. मला खरे कारण माहीत होते. तरी त्या खोलीत चहा पिताना मी फळीकडे पाठ करून बसत असे, आणि पाठीला ते जाणवत असे. डोळे असते तर निदान कुठे बघतायत ते कळले असते.

शुक्रवारी संध्याकाळी हारुन वर येऊन माझ्या फोनजवळ बसायचा, कारण तबरेज शुक्रवारी फोन करी. अधूनमधून खरोखरच घंटी वाजे आणि पलीकडे कुणी बोलत नसे. असे सगळ्यांच्याच फोनला होते. हारुन मात्र रिसीव्हर कानाला धरून थांबे. "वाऱ्याचा आवाज हाय," म्हणे. मी ऐकले तर नुसती खरखर असायची. एकदा मलाही वारा ऐकू आला. ते मी कुणाला सांगितले नाही.

ऑक्टोबर १९९८ मध्ये हारुन एक नोटीस घेऊन आला. इंग्रजी होती, मी वाचून सांगितली. नवरा चार वर्षे बेपत्ता असेल तर बायकोला कोर्टातून लग्न मोडून घेता येते आणि त्या दाव्यात नवऱ्याच्या भावालाही पक्षकार करावे लागते. दावा शायमाचा होता, तिच्या वडिलांनी लावलेला. ती तेव्हा अठ्ठावीस वर्षांची. पनवेलच्या एका विधुर मास्तरांचे स्थळ थांबून होते.

"म्हणजे मी काय बोलायचं?"

"तबरेजची खबर नाही आणि तुझी हरकत नाही, एवढंच. हरकत घेतलीस, तो जिवंत आहे म्हणालास, तर ती अडकेल. वर्षं जातील तिची."

हारुनने नोटीस घडी करून खिशात ठेवली. त्या दिवसापासून तो शायमाशी बोलेनासा झाला. ती त्याला तांदळाच्या भाकऱ्या वाढायची आणि तो खाली मान घालून जेवायचा. सफियाभाभी माझ्या बायकोला म्हणाल्या, "आमच्या घरात कोर्टच भरलंय. फक्त जज नाय."

तारीख सोमवारची, १६ नोव्हेंबरची होती. आदल्या गुरुवारी सकाळी मी दाढी करत असताना हारुन वर आला. पायात चप्पल नव्हती.

"सयाजीभाऊ, तो येऊन गेला."

"कोण?"

"तुमी खाली चला."

फळीच्या दाराकडच्या टोकाला असलेल्या लांब मानेच्या डायनासोरला डोळे होते. काळे, टपोरे, किंचित ओले. बाकीची ओळ तशीच आंधळी. सकाळच्या उजेडात ते एकच जनावर आमच्याकडे बघत होते आणि माझ्या मानेवर काटा आला, हे लपवण्यात अर्थ नाही.

"मी नाय काढले. सफियाला विचारलं, पोरींना विचारलं. कुनी हात नाय लावला. बोलला होता ना, डोळे मी काढीन म्हनून." हारुनचा आवाज अगदी शांत होता. "सोमवारी कोर्टात सांगनार. माझा भाऊ हयात हाय. माझी हरकत हाय."

सफियाभाभींनी पदर तोंडाला लावला. मी त्या डोळ्याला बोट लावून बघितले. बोटाला काळे आले. रंग नव्हता तो. तेलकट होता.

स्वयंपाकघराच्या दारातून शायमा म्हणाली, "काजळ आहे ते. मी काढलेत."

मग हारुनने कितीतरी दिवसांनी तिच्याकडे बघितले.

"मग खोटं का बोललीस?"

"कधी बोलले? तुम्ही भाभींना विचारलं, पोरींना विचारलं. मला कुठं विचारलंत, भाईजान?"

हारुन खाली बसला.

"त्यांचं राहिलेलं काम आहे ना हे," ती म्हणाली. "वाटलं, एकाचे काढून दाखवावेत. बाकीचे तुम्ही काढाल. डोळे काढून झाले की घरात कुणाची वाट बघायची राहणार नाही. मला काय माहीत तुम्ही उलटंच धराल."

"त्याचं काम तू केलंस."

"कुणीतरी करायला पायजे होतं. मीपण त्यांचंच राहिलेलं काम आहे, भाईजान. मला किती वर्षं फळीवर ठेवणार?"

हारुन उठला, चप्पल शोधली आणि कामावर गेला. कोर्टात काय सांगणार ते कुणालाच कळेना. शुक्रवारी तो माझ्याकडे फोनजवळ बसायला आला नाही. शनिवारी वाशीला दुकानात भेटला. खिशात पैसे कमी होते, त्याने माझ्याकडून घेतले आणि तो ब्रश घेतला.

रविवारभर तो डोळे काढत बसला. मी दुपारी खाली गेलो. आधी पिवळसर पांढरा ठिपका, तो वाळला की त्यावर काळा, मग टोकाला उजेडाचा एक कण. मनगट त्याने दुसऱ्या हाताने धरले होते. बारीक कामाला त्याने जन्मात पहिल्यांदा हात घातला होता. शायमाने चहा आणून ठेवला. "थंड होईल," ती म्हणाली. "पितो," तो म्हणाला. घरातल्यांनी एवढ्यावर निभावून नेले.

सोमवारी मी त्याच्याबरोबर ठाण्याच्या कोर्टात गेलो. त्याला विचारले तेव्हा त्याने सांगितले, "भावाची खबर नाय. माझी हरकत नाय." बाहेर आल्यावर नळावर त्याने बराच वेळ तोंड धुतले.

जानेवारीत निकाल लागला. पण असा निकाल लगेच लागू होत नाही. सहा महिने थांबावे लागते. त्या मुदतीत नवरा परत आला तर निकाल रद्द होऊ शकतो. ते मी हारुनला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "ठाऊक हाय."

त्या सहा महिन्यांत एकदा मी फळी नीट बघितली. काजळाचे डोळे त्याने पुसले नव्हते, ते सरळ समोर बघत होते. बाकी सगळ्यांची बुबुळे त्याने कडेला काढली होती. तोंडे कुठेही असोत, प्रत्येक जनावर दाराकडे बघत होते. मी त्याला काही विचारले नाही. माझ्या घरी फोन दोनदा वाजला आणि पलीकडे कुणी नव्हते. दोन्ही वेळा शुक्रवार होता. मी रिसीव्हर ठेवला आणि खाली कळवले नाही.

जुलै संपला. कुणी आले नाही. ऑगस्टमध्ये शायमाचा निकाह साधेपणाने झाला. जाताना तिने काजळाच्या डोळ्यांचा डायनासोर मागितला आणि हारुनने तो वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. फळीवर त्याची जागा त्याने मोकळीच ठेवली आहे. नवीन तो रंगवत नाही.

ब्रशाच्या साडेबत्तीस रुपयांपैकी वीस रुपये त्याने डिसेंबरात परत केले. साडेबारा रुपये यायचे आहेत.