घाटासाठी घेतलेलं इंजिन

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी आबांनी नव्या पिकअपमध्ये ठरल्यापेक्षा चार पोती ज्वारी जास्त टाकली. नेरुळच्या दोन खोल्यांत एवढी ज्वारी ठेवायची कुठे, असं वहिनीने विचारलं. मागून हलकी गाडी उडते, एवढंच आबा म्हणाले. आबा म्हणजे माझे वडील. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावातून कारखान्यावर उसाच्या ट्रॉल्या ओढण्यात त्यांचं आयुष्य ट्रॅक्टरवर गेलं होतं. पुढच्या सीटवर संपतदादा, वहिनी आणि मी. दादा शिरवण्याच्या एका गॅरेजसाठी बंद पडलेल्या गाड्या टोचन करून आणणार होता. मला वाशीत एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर नोकरी लागली होती. आई दारातच थांबली. आबा मोटरसायकलवरून फाट्यापर्यंत मागे आले आणि आमच्या इंजिनचा आवाज ऐकत उभे राहिले. पाच वर्षांनी परत यायचं आणि हीच गाडी गावच्या कामाला लावायची, असं ठरलं होतं.

गाडी आबांनीच निवडली होती. शोरूममध्ये त्याच मापाची पेट्रोलवर चालणारी पिकअपही उभी होती. विक्रेता रोजचं अंतर विचारत होता, कुठल्या रस्त्यावर चालणार ते विचारत होता. आबांनी त्याला मध्येच थांबवलं. "रिकामी किती पळती ते नगं सांगू. भरल्यावर खंबाटकी कशी चढती, ते सांग."

डिझेल घेतली. आमच्याकडे इंजिन असंच निवडतात. ओल्या रानातून भरलेली ट्रॉली बाहेर काढेल का, आणि घाट चढेल का. साताऱ्याहून पुण्याकडे येताना खंबाटकीला बोगदा लागायचा. घाट चढायचा तो परत जाताना. म्हणजे आबांनी गाडी घेतली होती ती परतीच्या वाटेसाठी. हे तेव्हा आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नाही.

नवी मुंबईत टोचनच्या कामाला घाट नाही. दादा उरण फाट्याजवळ कडेला उभा राही, उन्हाळ्यात एसीसाठी इंजिन चालू ठेवून. फोन आला की तीन-चार किलोमीटर जायचं, बंद गाडी हुकला लावायची, शिरवण्याला सोडायची, पुन्हा येऊन उभं राहायचं. वरचा गियर दिवसभरात क्वचित पडे. आताच्या डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. गाडी लांबवर, वेगात पळाली तरच ती काजळी जळते. आमची पळतच नव्हती. वर्षाच्या आत समोर पिवळा दिवा लागला. मेकॅनिक म्हणाला, हायवेला अर्धा तास दामटा, जाईल.

मग रविवारी आम्ही रिकामी गाडी घेऊन उरणच्या टोकाला, मोऱ्याच्या धक्क्यापर्यंत जाऊ लागलो. पहिल्या दोन वेळा ती सहल होती. मुंबईची लाँच सुटताना बघितली, मासळी घेतली. नंतर आठवड्यात दोनदा जावं लागे, आणि धक्क्यावर गाडीतून कोणी उतरतही नसे. वहिनी म्हणायची, "लोक रविवारी देवाला जातात, आपण फिल्टरला." दादा उभ्यानेच जेवू लागला. दिवा लागला की निघायचं, विझला की पुन्हा कधी लागतो याकडे बघत बसायचं. गावी राहिलेल्यांना वाटे, आम्ही मुंबई बघतोय. इकडे येऊन राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

एव्हाना कामावर गाडी दोनदा अडकली होती आणि गॅरेजमालकाने बजावलं होतं, आणखी एकदा अडकली तर काम दुसऱ्याला जाईल. आणि ती पाम बीच रोडवरच अडकली. मागे हुकला एक मोटार, आणि पिकअप वीसच्या वर जाईना. पुढच्या सिग्नलला बंदच पडली. दोन्ही गाड्या न्यायला दुसरे टोचनवाले आले. आमचे घरमालक, सारसोळ्याचे काशिनाथकाका, तेवढ्यात स्कूटरवरून चालले होते. "काय रं संपत, आज तुलाच कोन ओढून नेतंय?" सिग्नलवरचे लोक हसले. दादाही हसला.

संध्याकाळी काका घरी आले आणि असलं इंजिन का घेतलं ते विचारू लागले. दादाने घाटाचं सांगितलं. या वेळी काका हसले नाहीत.

"आमची होडी खाडीच्या भायेर जात नाय. मंग दर्याचं मशीन कशाला लावू मी? तू वर्साला किती येला जातस गावाला?"

"दोनदा."

"आनि टोचन?"

"रोजच की."

काकांनी चहा संपवला आणि ते गेले.

गॅरेजमालकाकडून दादाने पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. रोज तो कोणाच्या तरी पेट्रोल पिकअपमध्ये शेजारी बसून फिरला. पेट्रोल जास्त लागतं. वजन घेऊन उठताना इंजिन ओरडतं, डिझेलसारखी खालून ओढ मिळत नाही. पण काजळीचा तो फिल्टर नाही, तासभर उभं राहून लगेच निघता येतं, आणि आमच्या सपाट रस्त्यावर मोटार ओढायला ती ओढ पुरते. त्याचा हिशेब पक्का झाला होता. तरी आबांना विचारल्याशिवाय बुकिंग करायला तो तयार नव्हता.

फोन स्पीकरवर होता. आबांनी मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं.

"घाट चढंल का?"

"चढंल. पण भरून न्हाई, आबा."

"मग भरून यायचंच न्हाई म्हण की."

दुसऱ्या दिवशी दादाने पेट्रोलची पिकअप बुक केली. गॅरेजचं काम टिकलं. बदल्यात दिलेल्या जुन्या गाडीवर साताऱ्याचा नंबर होता, या गाडीचं पासिंग वाशीचं झालं.

ठरलेली पाच वर्षं होऊन गेली. परत कधी येणार, हे आता गावात कोणी विचारत नाही. परत कधी निघणार, हे विचारतात. यंदा यात्रेला आम्ही एसटीने गेलो आणि पिकअप बदली ड्रायव्हरकडे ठेवली. दुपारी आबा आणि दादा रानात उसाला पाणी कुठवर पोचलं ते बघत होते, मी बांधावर होते. दादाचा फोन वाजला.

"उरण फाटा? पुलाखाली का अलीकडे? थांबा, पंधरा मिनिटांत आलो."

फोन खिशात टाकून तो भराभर चालू लागला. सात-आठ पावलांवर थांबला.

"पंधरा मिनटात कुटं निघालायस?" आबांनी विचारलं.

"घरीच हाय आसं वाटलं," दादा म्हणाला, आणि बोलून गेल्यावर आबांकडे बघायचं त्याने टाळलं.

आबांनी फावड्याने पाटाचं एक बारं मातीने बंद केलं, दुसरं उघडलं. पाणी वळेपर्यंत ते वाकूनच होते.

"मग त्या बदलीवाल्याला लाव फोन," ते म्हणाले. "मानूस रस्त्यात उभा आसंल."