झाकण उघडा

बिबवेवाडीत जिथे पूर्वी पितळी नळांचा कारखाना होता, तिथे आता निम्म्या जागेत गोदाम आणि निम्म्या जागेत आमचं काचेचं ऑफिस आहे. जुन्यांपैकी फक्त गेटवरचे वॉचमनकाका उरले होते. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. त्यांनीही माझं विचारलं नाही.

संध्याकाळी निघताना ते प्रत्येकाला जेवणाचा डबा उघडायला लावायचे. पूर्वी कामगार डब्यातून नळ पळवायचे, म्हणून ही झडती. नळ बंद झाले, झडती चालूच राहिली. काका चष्मा कपाळावर चढवून डब्यात डोकावायचे, झाकणावर टिचकी मारायचे आणि म्हणायचे, "जा."

एकदा वैतागून मी म्हणालो, "काका, इथे आता नळ बनत नाहीत."

"मग काय बनतं?"

"प्रेझेंटेशन."

"ते कशाला लागतं?"

मी डबा उघडून पुढे केला. काकांनी डब्यात उरलेल्या भेंडीकडे पाहिलं. "अहो, दिवसभर काही बनवलं नाहीत, निदान डबा तरी संपवायचा."

मागच्या महिन्यात गेटवर कार्डाचं मशीन बसलं आणि काकांना धायरीला घरी पाठवलं. पहिल्याच संध्याकाळी मी कार्ड टेकवलं, दांडा वर गेला, तरी मी तिथेच. डबा उघडून मशीनसमोर धरला होता. ओशाळून मागे वळलो, तर सात जण झाकणं काढून रांगेत उभे होते.

सगळ्यांचे डबे चाटूनपुसून लख्ख होते.