उतरलेलं नको

भांडगावच्या बुद्धविहारासाठी एक लॅपटॉप घ्यायचे ठरले, तेव्हा तो कोणता घ्यावा हे सांगण्याचे काम साहजिकच मायाकडे आले. अर्थशास्त्रात एम.ए. झालेली ती वस्तीतली पहिली बाई; आणि शिरूरच्या ज्या महाविद्यालयात ती तासिका तत्त्वावर शिकवते, तिथे केस पिकले तरी कायम न झालेलीही बहुधा पहिलीच. विद्यापीठापासून एसटी आगारापर्यंत तिच्या तक्रारअर्जांना सर्वत्र पोच मिळत असे, उत्तर क्वचितच. चौफुल्याला गाडी बदलताना उभ्या उभ्या पुढच्या अर्जाचा मजकूर मनात जुळवायची तिला सवयच जडली होती.

या खेपेला अर्ज करून भागणार नव्हते. तिच्या भावाची मुलगी गौतमी बी.कॉम. झाली होती. रांजणगावच्या एका कारखान्यात हिशेब विभागात जागा निघाल्या होत्या, आणि त्यांची परीक्षा एकांतात, कॅमेऱ्यासमोर, लॅपटॉपवरच द्यायची होती. मोबाईल चालणार नव्हता. वस्तीत लॅपटॉप एकाकडेही नव्हता. विहाराच्या अभ्यासिकेत एक आला, तर गौतमीचे आणि तिच्यामागून येणाऱ्यांचेही काम होणार होते.

मायाने शिरूरची दुकाने पालथी घातली. एका ठिकाणी पुण्याच्या कचेऱ्यांतून वापरून परत आलेले लॅपटॉप होते. जाड, वजनदार, दिसायला ओबडधोबड. पण मागचे झाकण स्क्रू काढून उघडणारे, बॅटरी बदलता येणारी, मेमरी वाढवता येणारी. त्याच किमतीत नवा मिळत होता तो पातळ नि चकचकीत होता. पण त्यातली साठवण एखाद्या साध्या मोबाईलइतकी, आणि मेमरी बोर्डालाच पक्की जोडलेली. आज जेवढा, तेवढाच जन्मभर.

बैठकीत तिने हे सारे मांडले. मंडळी माना डोलावत होती. मग म्हाळूआबा खाकरले. वस्तीत त्यांच्याहून वडीलधारे आता कुणी उरले नव्हते.

"म्हंजी कुनीतरी वापरून टाकलेला?"

"टाकलेला नाही, आबा. कंपनीनं नवे घेतले, म्हणून जुने विकले."

"त्येच की. उतरलेला." भिंतीला टेकलेले आबा सरळ बसले. "माजी आय जल्मभर उतरलेलं लुगडं नेसली. मी साळंत गेलो तो पाटलाच्या पोराची उतरलेली चड्डी घालून. मागं ठिगळ. पोरं ठिगळाला बोट लावून पळायची. आन् आता हितं, बाबासाहेबांच्या फोटूखाली, दुसऱ्याचं उतरलेलं मांडायचं? तू शिकलेली हायेस माया, तूच सांग."

"नवाच आना बया," पार्वतीबाई मागून म्हणाल्या. "मेला हळू चालंल, पर आपला आसंल."

मायाकडे उत्तर होते. बॅटरी, स्क्रू, मेमरी, सगळे होते. त्या ठिगळापुढे ते तोंडातून निघेना. कुलगुरूंना लेखी जाब विचारणाऱ्या बाईने जुन्या लॅपटॉपचे दरपत्रक घडी करून पर्समध्ये ठेवले.

नवा आला. पेढे वाटले गेले. झाकणावरची पारदर्शक फिल्म आबांनी कुणाला काढू दिली नाही. मायाने बजावले होते की गोधडीवर ठेवू नका, खालून हवा लागू द्या, आठवड्यातून एकदा इंटरनेट लावून बराच वेळ चालू ठेवा, म्हणजे अपडेट साचत नाहीत. तो गोधडीवर कधीच गेला नाही, कारण तो कुठेच गेला नाही. लाऊडस्पीकरच्या मशीनशेजारी लोखंडी कपाटात बसला, आणि किल्ली आबांच्या करदोट्याला. रोज सकाळी आबा तो काढून मऊ फडक्याने पुसत आणि पुन्हा कुलूप लावत. रविवारी गौतमीला सरावाला मिळे, तोही आबा शेजारी बसून.

"आबा, हा वापरायला घेतलाय की दाखवायला?" मायाने एकदा विचारले.

"समाजाची वस्तू हाय. पोरांच्या हातात दिली, तर चार दिसांत खुळखुळा करत्याल."

परीक्षेच्या आदल्या दिवशी माया शिरूरला पर्यवेक्षणात अडकली होती. तिच्या सांगण्यावरून गौतमीने सकाळीच लॅपटॉप इंटरनेटला जोडून साचलेली अपडेट लावून दिली आणि ती अभ्यासाला घरी गेली. राखणीला आबा बसले.

दुसऱ्या दिवशी माया सकाळीच विहारात आली. अभ्यासिका झाडून ठेवली होती. पार्वतीबाई अंगणातली पोरे हाकलत होत्या. गौतमीने कॅमेऱ्यासाठी म्हणून इस्त्रीचा ड्रेस घातला होता. तिने बटण दाबले. निळ्या पडद्यावर ठिपक्यांचे कडे गरगरू लागले: अपडेट सुरू आहे, बंद करू नका. मग म्हणे जागा अपुरी. मग म्हणे बदल मागे घेत आहोत. ठिपके फिरतच राहिले. परीक्षेची वेळ झाली. मायाने मदतीचा क्रमांक लावला. तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असे तिला वारंवार सांगण्यात आले. पडदा उघडला, तेव्हा परीक्षेचे दार बंद झाले होते.

"काल पूर्ण झालं नव्हतं?" मायाने विचारले.

आबा उंबऱ्यात उभे होते. "तापला व्हता गं. हात लावला तर चटका. नुसतं गोल गोल फिरतंय. म्हनलं, नवी वस्तू जळंल. म्हनून बटन दाबून धरलं, आन् पंख्याखाली ठिवला. चुकलं का माजं?"

गौतमी गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती. तिने वर पाहिले नाही.

"मशीनच कमी ताकदीचं होतं, आबा," माया म्हणाली. ते खरे होते, अर्धे.

घरी जाताना गौतमी म्हणाली, "आत्या, तू साऱ्या जगाशी भांडतीस. मग त्या दिवशी बैठकीत का न्हाई भांडलीस?"

मायाने चपलेचा पट्टा उगाच नीट केला.

परीक्षा घेणाऱ्यांकडे तिने अर्ज केला. पोच मिळाली. गौतमी आता त्याच कारखान्यात जाते, पण ठेकेदारामार्फत, पॅकिंगला. चौफुल्याहून कंपनीची बस तिला नेते. त्याच फाट्यावर माया शिरूरच्या गाडीची वाट पाहत असते. दोघी फारसे बोलत नाहीत.

परवा माया विहारात गेली, तेव्हा आबा लॅपटॉप पुसत होते.

"बघ की," ते म्हणाले, "आजून नवाच्या नवा. येक वरखडा न्हाई."

"नाही आबा. एकही नाही." तिने हात पुढे केला. "किल्ली द्या."

आबांनी करदोट्याची गाठ सोडायला घेतली. गाठ सुटत नव्हती. मायाने मदत केली नाही.