अक्षरांची पोटं सांभाळणारं प्लगइन

लोक विचारतात, "प्लगइन बनवायला एवढे दिवस कसे लागले?" काय सांगणार! आमच्या चादरींच्या शहरात, शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात तिघं जमलो की दिवसाला एक किस्सा होतोच. कोडमधल्या जुन्या ओळी मी बिनधास्त डिलीट करते, किस्से मात्र सगळे जपून ठेवलेत.

आधी ओळख करून देते. हे प्लगइन फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचं. ते दोन कामं करतं. फोटोला हव्या त्या रंगाची छटा देतं आणि फोटोचं किंवा अक्षरांचं स्टेन्सिल तयार करतं, मग मशीन ते कापतं. कोड माझा. रंग श्रीनिवासचे, त्याच्या घरात तीन पिढ्या चादरी विणल्या गेल्या. आणि स्टेन्सिलचे मास्तर म्हणजे पेंटरकाका. मूळचे माढ्याचे. चादरींच्या गठ्ठ्यांवर नावं-नंबर उमटवायची स्टेन्सिल ते वर्षानुवर्षं हातानं कापत आलेत, तीही जुन्या एक्स-रे फिल्मवर!

*

पहिला किस्सा रंगांचा. श्रीनिवासनं आठवडाभर खपून "चादरीचा लाल" तयार केला आणि मोठ्या ऐटीत अम्माला, म्हणजे त्याच्या आईला, स्क्रीनसमोर बसवलं.

अम्मांनी चष्मा वर केला, खाली केला. "हा आपला लाल न्हाय रे. हा एकदा धुतल्यावरचा लाल हाय."

श्रीनिवासनं छटा थोडी बदलली. "आता?"

"आता दोनदा धुतला की!"

तेव्हापासून आमच्या छटांची नावं "कोरा", "एक धुणं", "दोन धुणं" अशी आहेत. परवा पुण्याहून एका डिझायनरचा फोन आला, "तीन धुणं कधी देताय?" अम्मा म्हणाल्या, "त्याला सांग, तितका धुतल्यावर फरशी पुसायला घेत्यात."

*

पहिलं स्टेन्सिल आम्ही "वाहने सावकाश चालवा" या पाटीचं कापलं. मशीननं झकास कापलं. मी कौतुकानं फिल्म उचलली, तर टपटप तुकडे खाली पडले. भिंतीवर रंग मारून पाहिला, तर प्रत्येक "व" म्हणजे नुसता गोळा!

काका हसून हसून खाली बसले. "पोरी, अक्षराचं पोट धरून ठेवाय लागतंय. जोड कुटं सोडलास?"

गोलाच्या आतला तुकडा बाहेरच्या फिल्मला धरून राहावा म्हणून मध्ये बारीक पट्टी न कापता ठेवतात, तो जोड. मी लगेच कोड लिहिला : जिथे अंतर सगळ्यात कमी, तिथे जोड. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

काकांनी फिल्मवर ब्रश थोपटून दाखवला. दोन फटक्यांत जोड तुटले. "अंतर काय बघतीस? ब्रश कुठनं येतोय ते बघ. ताण जिथं बसतो तिथं जोड ठेवायचा."

आता हा ताण कोडात कसा लिहायचा, हे कुठल्याच कॉलेजात शिकवलं नव्हतं.

*

माळशिरसच्या एका कुटुंबाला घराच्या भिंतीवर आबांचं, म्हणजे त्यांच्या आजोबांचं, चित्र हवं होतं. आम्ही फोटोला छटा दिली, स्टेन्सिल कापून पाठवलं. दोन दिवसांनी फोन आला.

"मॅडम, काम लई भारी झालंय. पण हे कोण हायत?"

आबांची पांढरीशुभ्र मिशी आमच्या प्लगइननं उजेड समजून उडवून टाकली होती! घरातल्या आजींनी तर चित्र बघून डोक्यावर पदर घेतला म्हणे, परका माणूस आला म्हणून.

मग फिकट बारकावे वाचवणारा एक स्लायडर केला. श्रीनिवासनं त्याचं नाव "मिशी" ठेवलं, ते आजही तसंच आहे. एका परदेशी माणसानं मेल केला, "मिशी म्हणजे काय?" श्रीनिवासनं उत्तरादाखल स्वतःचा फोटो पाठवला.

*

एक किस्सा हसण्याचा नाही. मशीनशी तुलना करायला मी काकांना एक स्टेन्सिल हातानं कापायला सांगितलं. ते म्हणाले, "आज चष्मा आणला न्हाय."

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

मग माझं लक्ष त्यांच्या उजव्या हाताकडे गेलं. कटर धरला की हात थरथरत होता. चादरींच्या गोदामातले हमालही बोलू लागले होते म्हणे, नंबर फाटके उमटतात म्हणून. "हे एवढंच येतंय मला," काका म्हणाले. "आता मशीनच कापणार. मग मी कशाला हितं?" मला फार वाईट वाटलं, कारण ते मशीन मीच आणलं होतं.

आम्ही त्यांना स्क्रीनवर रेघ काढायला माउस दिला. माउसही थरथरला. श्रीनिवासनं रेघ गुळगुळीत करणारा कोड लावला, तर काका म्हणाले, "ही रेघ सरकारी वाटती. माझी न्हाय."

शेवटी मी रेघेचा नादच सोडला. काकांनी फक्त जोडाच्या जागेवर बोट ठेवायचं, हात हलला तरी चालेल. थरथरीमुळे स्क्रीनवर बोट पाच-सहा ठिकाणी टेकतं, त्यांचा मध्य प्लगइन काढतं आणि तिथे जोड ठेवतं. काकांनी पहिल्याच दिवशी शून्यापासून नऊपर्यंत सगळे आकडे संपवले आणि वर मला विचारलं, "दमलीस व्हय?"

*

आणि आता परवाचा. त्या आकड्यांचं पहिलं स्टेन्सिल घेऊन काका आणि मी गोदामात गेलो. मशीनचं कुणाला काही सांगितलं नव्हतं. काकांचा चेहरा परीक्षेच्या निकालाला आल्यासारखा.

तिथल्या म्हाताऱ्या हमालानं स्टेन्सिल गठ्ठ्यावर ठेवलं, ब्रश थोपटला, फिल्म उचलली. आकडे स्वच्छ उमटले होते. त्यानं फिल्म उजेडाकडे धरली आणि एकेका जोडावरून अंगठा फिरवला.

"काका," तो म्हणाला, "हात बरा झाला की तुमचा!"

काकांनी उजवा हात हळूच खिशात घातला.

"व्हय," ते म्हणाले.